चढावर उतरणारे विमान



एस. टी.ची गाडी घाट चढताना आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. वळण येण्याआधीच ड्रायव्हर गिअर बदलतो, भोंगा वाजवतो, समोरून ट्रक आलाच तर गाडी कडेला घेऊन उभी करतो. वेळ पडली तर मागच्या चाकाला दगड लावायला कंडक्टर खाली उतरतो. विमानाला ही सोय नाही. विमान हवेत उभे राहू शकत नाही. ते पुढे जात राहिले तरच हवेत राहते. मग डोंगराच्या कुशीत, पुढे कडा आणि मागे दरी, अशा चिंचोळ्या जागी ते उतरवायचे कसे? तेथे जाणाऱ्या वैमानिकाला कोणती माहिती बरोबर घेऊन निघावे लागते? आज त्याबद्दल बोलायचे आहे. मी स्वतः वैमानिक नाही. महाविद्यालयात भूगोल शिकवतो. परंतु हा विषय निम्म्याहून अधिक भूगोलाचाच आहे, आणि म्हणूनच मी त्याच्या वाटेला गेलो.

उदाहरणादाखल एकच जागा घेऊ. नेपाळात, एव्हरेस्टच्या वाटेवर, लुक्ला नावाचे शेर्पांचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून तेथली उंची 2,845 मीटर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहून आणखी बाराशे मीटर वर पाहावे, तेथे हा विमानतळ. त्याला आज तेन्झिंग-हिलरी विमानतळ म्हणतात. 29 मे 1953 रोजी एव्हरेस्टवर प्रथम पाय ठेवणाऱ्या दोघांची ही नावे. 2008 च्या जानेवारीत हिलरी निवर्तले, त्याच महिन्यात ते नाव देण्यात आले.

हा विमानतळ कोणा सरकारी इंजिनिअराने नकाशा पाहून बांधलेला नाही. 1953 ची मोहीम निघाली तेव्हा काठमांडूच्या खोऱ्यातून एव्हरेस्टच्या पायथ्याकडचा मुलूख गाठायला दोन-अडीच आठवडे पायी चालावे लागले होते. पुढे हिलरींनी शेर्पांसाठी शाळा बांधायला घेतल्या. खुमजुंगची शाळा 1961 सालची, कुंदे गावचा दवाखाना 1966 सालचा. आता छपराचे पत्रे, औषधांच्या पेट्या, हे सारे इतके दिवस हमालांच्या पाठीवरून किती वाहणार? म्हणून 1964 साली ही धावपट्टी झाली. हिलरींच्या मनात खालच्या बाजूची सपाट शेतजमीन होती. पण शेतकऱ्यांनी ती द्यायला नकार दिला. बरोबरच आहे, डोंगरात सपाट जमीन म्हणजे घरादाराचे अन्न. मग वरची उतरती जमीन विकत घेतली. माती पुरेशी घट्ट बसेना, तेव्हा हिलरींनी गावकऱ्यांना त्यांची आवडती दारू पाजून त्यांच्याकडून पाय आपटत नाचायचा त्यांचा नाच करवून घेतला आणि जमीन चोपून काढली, असे सांगतात. आपल्याकडे घरातली जमीन चोपण्याने चोपतात, तसाच प्रकार. 2001 पर्यंत ती पट्टी मातीचीच होती. त्यानंतर डांबर आले.

आता तिची मापे ऐका. लांबी 527 मीटर. मुंबईच्या विमानतळाची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरांच्या आसपास आहे. तिच्या तुलनेत ही म्हणजे गावातली एखादी आळी. आणि चढ? शंभर मीटरांमागे 11.7 मीटर. शिक्षक मंडळींनी हा आकडा फळ्यावर न लिहिता पटांगणात करून दाखवावा. दहा मीटरांची दोरी घ्या, एक टोक जमिनीला लावा, दुसरे टोक उंच मुलाच्या कमरेच्या थोडे वर, म्हणजे 1 मीटर 17 सेंटिमीटरवर धरायला सांगा. तो लुक्ल्याचा चढ. अशा 527 मीटरांत वरचे टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे 60 मीटर उंच जाते, वीस मजली इमारतीइतके. वरच्या टोकाला भिंत आणि तिच्यामागे डोंगर. खालच्या टोकाला धावपट्टी संपते आणि दूधकोशी नदीची दरी सुरू होते.

म्हणून येथे वाहतूक एकतर्फी. उतरायचे ते दरीकडून डोंगराकडे, चढावर. उडायचे ते डोंगराकडून दरीकडे, उतारावर. वारा कोणत्याही दिशेचा असो, यात बदल नाही. इतर विमानतळांवर वैमानिक वाऱ्याच्या तोंडाला धरून उतरतो आणि वारा फिरला की दिशा फिरवतो. ती मोकळीक येथे नाही. चढाचा एक मोठा फायदा मात्र आहे. उतरलेले विमान चढामुळे आपोआप मंदावते, जसा सायकलवाला चढावर पायडल सोडताच थांबू लागतो. उडताना तोच उतार विमानाला ढकलतो. तो चढ नसता तर एवढ्याशा जागेत विमान थांबले नसते. जी गोष्ट पाहून प्रवाशाच्या पोटात गोळा येतो तीच त्याला वाचवते, ही त्यातली गंमत.

येथपर्यंत डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी झाल्या. खरी अडचण न दिसणारी आहे, आणि ती हवेची.

उंचावर हवा विरळ असते हे आपण पाचवी-सहावीच्या पुस्तकात वाचतो. डोंगरावर डाळ लवकर शिजत नाही, हेही त्यातलेच. पण विमानाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? विमानाचा पंख हवेला खाली लोटतो आणि त्या बळावर विमान वर राहते. लोटायला हवाच कमी असेल तर तेवढेच बळ मिळवायला अधिक वेगाने जावे लागते. लुक्ल्याला एखाद्या उबदार सकाळी पारा 15 अंशांवर असला, तर तेथली हवा समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रमाणित हवेच्या शेकडा सत्तर भरते. हवा तापली की आणखी पसरते, आणखी विरळ होते. त्यामुळे अशा सकाळी विमानाला ती जागा 2,845 मीटरांची वाटतच नाही. जवळजवळ 3,500 मीटरांची वाटते. उंची नकाशावर कायम, पण विमानाच्या हिशेबी ती उन्हाबरोबर वाढते! वैमानिकाला हा हिशेब रोज नव्याने करावा लागतो.

आता गंमत पाहा. विमानातला वेग दाखवणारा काटा खरे म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो. विरळ हवेत दाब कमी, म्हणून काटाही कमी वेग दाखवतो. समजा, काट्यावर ताशी 140 किलोमीटर दिसताहेत. समुद्रकाठी ते खरेच 140 असतील. लुक्ल्याला त्या सकाळी विमान ताशी सुमारे 166 किलोमीटरने जात असते. जमीन भराभर मागे पळताना दिसते. अननुभवी माणसाला वाटते, आपण फार जोरात चाललो, जरा हळू करावे. आणि तेथेच घात! पंखाला हवी तेवढी हवा मिळायला काट्यावरचे 140 टिकवावेच लागतात. ते कमी झाले तर विमान दगडासारखे खाली बसते. तेव्हा पहिला धडा असा की, वेगाच्या बाबतीत डोळ्याचे ऐकायचे नाही, काट्याचे ऐकायचे.

परंतु जादा वेगाची किंमत जमिनीवर मोजावी लागतेच. वेग एकोणीस टक्के वाढला की तो जिरवायला लागणारे बळ चाळीस टक्क्यांहून अधिक वाढते, कारण तेथे वेगाचा वर्ग येतो. म्हणून येथे मोठी जेट विमाने येत नाहीत. ट्विन ऑटर, डॉर्निअर, लेट अशी पंख्यांची लहान विमाने येतात. ती कमी वेगात तरंगू शकतात, आणि चाके टेकताच त्यांच्या पंख्यांची पाती उलट्या कोनात वळवून हवा पुढे फेकता येते. तो त्यांचा मोठा ब्रेक. उडतानाही हवा विरळ म्हणून इंजिनाचा जोर घटतो. मग वजन कमी करणे आलेच. प्रवाशांना सामान माणशी 15 किलोंच्या आसपासच नेता येते, यावरून काउंटरवर किती वाद होतात म्हणता! आपल्याकडून गेलेल्या मंडळींच्या पिशवीत चकल्या-चिवड्याचेच चार किलो असतात. तराजूवरचा तो माणूस कंजूष नसतो. त्याच्यामागे वर सांगितलेला सारा हिशेब उभा असतो.

दुसरा फसवणारा प्रकार खुद्द धावपट्टीचा. सपाट धावपट्टीवर हजारदा उतरलेल्या वैमानिकाच्या डोळ्यांत तिचे एक चित्र ठसलेले असते. इतक्या उंचीवरून ती इतकी लांबट, इतकी निमुळती दिसायला हवी, असे. चढाची धावपट्टी मात्र फळ्यासारखी समोर उभी दिसते. डोळा सांगतो, तू फार वर आहेस, खाली घे. वैमानिकाने ते मानले की विमान गरजेपेक्षा खाली येते, आणि समोर धावपट्टी नसून तिच्या पायाचा कडा येतो. त्यात वारा धावपट्टीवरून दरीकडे वाहत असला, तर तो कड्यावरून खाली कोसळतो आणि ऐन शेवटच्या क्षणी विमानालाही खाली दाबतो. विहिरीच्या काठावरून वाकून पाहताना तोल जावा, तसे ते होते. म्हणून तेथे जाणारे वैमानिक ते चित्र नव्याने शिकतात. नेपाळच्या नियमानुसार लुक्ल्याला विमान नेणाऱ्या वैमानिकाने आखूड धावपट्ट्यांवरच्या किमान 100 फेऱ्या केलेल्या असाव्या लागतात, नेपाळातल्या अशा उड्डाणांचा वर्षभराचा अनुभव असावा लागतो, आणि खुद्द लुक्ल्याला शिक्षक-वैमानिकाबरोबर 10 फेऱ्या माराव्या लागतात. पुस्तक वाचून हे काम होत नाही. घाटात नवा ड्रायव्हर आधी जुन्याच्या शेजारी बसतो, तेच तत्त्व.

दरीतून वाट काढण्याचाही एक कायदा आहे. मधोमध उडायचे नाही. एका बाजूच्या डोंगराला धरून जायचे. ऐकायला उलटे वाटते ना? मधोमध दोन्हीकडे सारखे अंतर, मग तेच सुरक्षित नाही का? नाही. पुढे ढगाने वाट अडवली तर मागे वळावे लागते, आणि वळायला जागा लागते. मघाचेच विमान 30 अंश कलून वळले तर समुद्रकाठी त्याला सुमारे 535 मीटर रुंदीत परत फिरता येईल. लुक्ल्याच्या विरळ हवेत, काटा तोच असताना, 750 मीटर लागतात. मधोमध असाल तर तुमच्या वाट्याला अर्धीच दरी येते. एका कडेला असाल तर सगळी. बैलगाडी वळवताना शेतकरी आधी बांधाच्या कडेला घेतो की नाही? त्याला हे कोणी सांगावे लागत नाही.

आणि आता वारा आणि ढग. सकाळी डोंगर गार असतात, हवा स्थिर असते. ऊन चढले की उतारावरची हवा तापून वर सरकते आणि तिच्या जागी खालच्या दरीतली हवा वर ओढली जाते. दिवसभर दरीतून वर असा वारा वाहू लागतो. आपल्या विमानाला उतरायचे आहे ते दरीकडून डोंगराकडे, म्हणजे हा वारा त्याच्या पाठीशी येतो. मागून वारा म्हणजे जमिनीवरचा वेग आणखी वाढला, थांबायला आणखी जागा हवी; आणि जागा तर 527 मीटरांवर संपलेली. वर येणारी तीच हवा थंड होते, तिच्यातल्या वाफेचे ढग बनतात आणि धावपट्टी झाकतात. म्हणून लुक्ल्याची बहुतेक उड्डाणे भल्या सकाळी होतात. लडाखच्या लेह विमानतळावरही उतरणे-उडणे असेच एकतर्फी, आणि उड्डाणे बहुतेक सकाळची. दुपारचा वारा तेथेही कोणाचे ऐकत नाही. त्या लेहला पहिले विमान नेले एअर कमोडोर मेहर सिंग यांनी, 24 मे 1948 रोजी. शेजारी जनरल थिमय्या बसले होते आणि विमान होते साधे डाकोटा.

लुक्ल्याला ढगातून वाट दाखवणारी, यंत्राच्या आधारे विमान खाली आणणारी सोय नाही. धावपट्टी डोळ्यांना दिसली तर उतरायचे, नाही तर नाही. जो डोळा वेगाबद्दल आणि उंचीबद्दल फसवतो, त्याच डोळ्यावर भिस्त! बुरुजावरचा माणूस वारा किती, ढग कोठे, एवढी खबर देतो. उतरायचे की परतायचे, हे ठरवतो वैमानिक.

आणि ते ठरवायला त्याच्याजवळ फार वेळ नसतो. इतर ठिकाणी उतरणे मनासारखे जमत नसेल तर वैमानिक इंजिनाला जोर देतो, विमान पुन्हा उचलतो, एक घिरटी घालतो आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करतो. लुक्ल्याला शेवटच्या टप्प्यात हे करता येत नाही. समोरचा डोंगर विमानाच्या चढण्याच्या ताकदीपेक्षा भराभर चढतो. दरीत एक जागा येते. तिच्या अलीकडे परत फिरता येते, पलीकडे फक्त उतरता येते. त्यामुळे वेग, उंची, वारा, ढग, सगळ्यांची उत्तरे त्या जागेच्या आधी मिळालेली असली पाहिजेत. एकाचेही उत्तर ‘बहुधा ठीक आहे’ असे आले, तर ते ‘नाही’ असे समजून वळायचे.

8 ऑक्टोबर 2008 रोजी एक ट्विन ऑटर त्या जागेच्या पलीकडे असताना धुके आडवे आले. विमान धावपट्टीच्या अगदी अलीकडे आदळले आणि पेटले. 18 जणांचा अंत झाला. 27 मे 2017 रोजी एक मालवाहू विमान, तेही ढगाळ हवेत, धावपट्टीच्या काठाखाली आदळले. त्यात दोन वैमानिक गेले. दोन्ही वेळा अंतर थोडे होते. 14 एप्रिल 2019 रोजी उड्डाण घेणारे विमान बाजूला भरकटून उभ्या हेलिकॉप्टरवर गेले आणि तीन माणसे दगावली; तेथे विमाने उभी करायला जागाही मोजकीच आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल, असला विमानतळ बंदच का करीत नाहीत? तेथल्या लोकांना विचारावे. बाळंतीण अडली, कोणाचा पाय मोडला, तर मोठा दवाखाना काठमांडूला. एरवी ती वाट दिवसांची. तांदूळ, औषधे, वह्या, सारे त्या पट्टीवर उतरते. आणि रोज सकाळी कितीतरी विमाने तेथे नीट उतरतात, नीट उडतात. त्यांची बातमी होत नाही इतकेच.

माझ्या मते त्या वैमानिकावर वाऱ्यापेक्षाही मोठा दाब असतो तो आपल्यासारख्या प्रवाशांचा. पुण्या-मुंबईहून, नाशिकहून दरवर्षी पुष्कळ मंडळी एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालायला जातात. रजा मोजून पंधरा दिवसांची. काठमांडूत सकाळी लख्ख ऊन पडलेले असते आणि फळ्यावर ‘विलंब’ लिहून येते. मग सुरू होते: ‘आकाश तर निरभ्र आहे! बाकीची विमाने उडताहेत! आमचे पैसे काय फुकटचे आहेत?’ हे मी तेथल्या रांगेत उभा राहून स्वतः ऐकले आहे, आणि बोलणाऱ्यांत दोघे शिक्षक होते. अहो, ऊन काठमांडूत आहे. अर्ध्या तासाच्या अंतरावर, दीड हजार मीटर वर, धावपट्टीवर काय आहे ते येथून दिसत नाही. कधी कधी विमान उडते, दरीच्या तोंडापर्यंत जाते आणि परत येते. प्रवासी उतरताना वैमानिकाकडे असे पाहतात, जणू त्याने त्यांना फसवले. त्या माणसाने त्या दिवशी त्याच्या कामातला सर्वांत अवघड भाग पार पाडलेला असतो.

जाणाऱ्यांनी एवढे करावे. हाताशी दोन-तीन दिवस जादा ठेवावेत, आणि परतीचे मुंबईचे तिकीट लुक्ल्याहून निघायच्या लगेच दुसऱ्या दिवसाचे काढू नये. गर्दीच्या हंगामात बरीचशी विमाने काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. तेथे पोहोचायला काठमांडूहून मध्यरात्रीच मोटारीने निघावे लागते, ते आधी विचारून घ्यावे. सामान घरीच तोलावे. चौकशी करायची असेल तर ‘विमान केव्हा सुटणार?’ असे न विचारता ‘लुक्ल्याला वारा आणि ढग कसे आहेत?’ असे विचारावे. उत्तर लवकर मिळते. आणि तीन-चार दिवस धुके हललेच नाही, तर खालच्या बाजूने पायवाट आहे. हमालांचे आणि खेचरांचे तांडे त्या वाटेने आजही ये-जा करतात.